तडा उन्हाळ्यात उघडतो, पावसाळ्यात मिटतो

प्रश्न : सर, २०१६ साली आम्ही परभणीत घर बांधलं. तीन खोल्या, विटांच्या भिंती, वर स्लॅब. जमीन काळी. नैऋत्येच्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेला तडा पायऱ्या-पायऱ्यांनी चढत स्लॅबपर्यंत गेलाय. खाली बारीक, वर रुंद. मे महिन्यात त्यात रुपयाचं नाणं उभं शिरतं, श्रावणात जवळजवळ मिटतो. त्याच दिवसांत त्या खोलीचं दार अडकतं. दोनदा पुट्टी भरून रंग दिला, दोन्ही वेळा पापुद्रे निघाले. ठेकेदार म्हणतो, तडे सगळ्यांच्याच घरांना जातात. शेजारच्या काकू म्हणतात, वास्तुदोष आहे. त्या कोपऱ्यापासून सात-आठ फुटांवर सासूबाईंनी वास्तुशांतीच्या दिवशी लावलेला कडुनिंब आहे. त्या आता नाहीत. मुलं त्याच खोलीत झोपतात. मला रात्र-रात्र झोप नसते. काय करू? (एक वाचक भगिनी, परभणी)

उत्तर : ताई, आधी मुलांचं. आज त्यांच्या गाद्या त्या भिंतीपासून दूर घ्या आणि ओळखीच्या गवंड्याला बोलावून भिंतीला आतून-बाहेरून ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारं दोरीचं वजन) लावून बघा. भिंत फुगलेली किंवा कललेली नसेल, तर ऋतूप्रमाणे उघडमीट करणाऱ्या एवढ्या तड्याने भिंत एकाएकी पडत नाही. भिंत ओळंब्यात नसेल, किंवा तडा दर महिन्याला वाढतच असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणल्याशिवाय त्या खोलीत कुणी झोपू नये.

आता तड्याकडे येऊ. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींतच उत्तर आहे : उन्हाळ्यात उघडतो, पावसाळ्यात मिटतो, वर रुंद आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तीच माती तुमच्या पायाखाली आहे. घराच्या मधोमधची जमीन झाकलेली, तिचा ओलावा फारसा हलत नाही. कडेची, त्यातही कोपऱ्याची माती मात्र दोन बाजूंनी तापते. ती आकसली की कोपरा किंचित खाली बसतो आणि बाहेरच्या अंगाला झुकतो, म्हणून तडा वरच्या टोकाला जास्त फाकतो. पावसात कडेची माती फुगून कोपरा पुन्हा उचलते. तडा मिटतो, चौकट तिरकी होते, दार अडकतं. खिडकीच्या कोपऱ्यातूनच तडा निघतो, कारण भिंत तिथे सगळ्यात कमजोर असते.

म्हणून पुट्टी टिकली नाही. उन्हाळ्यात उघड्या तड्यात कडक पुट्टी भरली, पावसाळ्यात तडा मिटताना ती चिरडून बाहेर आली. रंगाऱ्याचा त्यात दोष नाही.

अंबाजोगाईजवळ आमच्या गावच्या घरातही असाच तडा होता. वडिलांनी लागोपाठ तीन दिवाळ्यांना गिलावा करून घेतला. मी शिकून परत आलो, तेव्हा भिंतीकडे न बघता घराभोवती एक चक्कर मारली. न्हाणीचं पाणी उघड्या चारीने नेमकं त्याच कोपऱ्याशी मुरत होतं. बारा फूट पाइप टाकून ते पाणी लांब नेलं आणि दोन पावसाळे गेल्यावर भिंत दुरुस्त केली. ती भिंत आजही शाबूत आहे, पण वडिलांचे त्या तीन वर्षांतले कष्टाचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून मी कुठलाही तडा बघायला गेलो की आधी पाणी कुठे जातं ते बघतो. तुम्हीही घराभोवती फिरा. गच्चीचा पाइप कुठे पडतो, मोरीचं पाणी कुठे मुरतं, नळाचा जोड गळतो का, शोषखड्डा भिंतीला खेटून आहे का. जिथे पाणी मुरत असेल, तिथलं काम पावसाच्या आधी उरका.

सोबत तड्याची वही सुरू करा. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक बारीक फुली मारा, दोन फुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजा, तारीख घालून लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला हेच. आता उन्हाळ्यात तडा सगळ्यात रुंद आहे, म्हणून पहिली नोंद आजच हवी. वर्षभरात कळेल की तडा नुसती ये-जा करतोय की दर फेरीला थोडा पुढे सरकतोय.

कडेच्या मातीत पाणी मुरू नये म्हणून भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा करतात, तो कोबा मात्र आत्ता करू नका. ठेकेदार उन्हाळ्यात करू म्हणेल. पण भेगाळलेल्या कोरड्या मातीवर कोबा केला, तर पुढे तीच माती खालून फुगून त्याला फोडते. दिवाळीनंतर, माती ओलसर आणि निवांत असताना करा. भिंतीपासून निदान पाच-सहा फूट रुंद पट्टा घ्या, वरची काळी माती फूटभर काढून मुरूम भरा, पाणी मारून चांगला धुमसा, त्यावर जाड प्लास्टिक कागद आणि मग काँक्रीट. उतार बाहेरच्या बाजूला. कोबा आणि भिंत यांच्यातली फट डांबरी सीलंटने बुजवायला विसरू नका, नाहीतर पाणी तिथूनच उतरतं.

कडुनिंबाचं लिहिताना मलाही जड जातंय. उन्हाळ्यात झाड त्याच कोपऱ्यातलं उरलंसुरलं पाणी ओढतं, आणि हे झाड अजून बरंच वाढणार आहे. घराच्या आधीपासूनचं जुनं झाड असतं, तर तोडू नका म्हणालो असतो, कारण ते गेल्यावर वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती फुगून घर उचलते. तुमचं झाड घरानंतरचं आहे, त्यामुळे तो धोका नाही. ते काढावं असंच माझं मत. शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती आधी घ्या. सासूबाईंच्या नावाने नवं रोप अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला लावा.

दुरुस्ती सगळ्यात शेवटी. वर्षभराने हालचाल थांबलेली दिसली, तर गिलावा काढून फुटलेल्या विटा बदला. दर चार-पाच थरांनंतर आडवा सांधा कोरून, तड्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जाईल अशी आठ मिलिमीटरची सळई मसाल्यात दाबा. वर फूटभर रुंद जाळी ठोकून गिलावा करा आणि सात दिवस पाणी मारा. थोडी उघडमीट उरलीच, तर सिमेंट न भरता लवचिक सीलंट भरा.

जे आता काळ्या जमिनीवर पाया खोदणार आहेत, त्यांनी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोदावं. मुरूम फारच खोल असेल, तर रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी विकसित केलेले, खाली फुगीर कंद असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्यावेत. ऋतूंचा ओलावा सुमारे साडेतीन मीटरपर्यंत हलतो, कंद त्याच्या खाली बसतो.

प्रश्न : नाशिकला नव्या फ्लॅटमध्ये कॉलम आणि भिंत जिथे मिळतात, तिथे सरळ उभी बारीक रेघ आली आहे. घाबरावं का?

उत्तर : नाही. काँक्रीट आणि ब्लॉक वेगवेगळ्या मापाने आकसतात आणि सांध्यावर जाळी न लावता गिलावा झालेला असतो. तिथला गिलावा पट्टीत काढून, दोन्हीकडे सहा-सहा इंच जाईल अशी जाळी लावून पुन्हा करून घ्या.

प्रश्न : वेंगुर्ल्याला आमच्या जुन्या घराच्या बीमला लांबलचक तडा आहे. त्यातून तांबूस डाग उतरतात. गवंडी सिमेंट थापून देतो म्हणतो.

उत्तर : थापू देऊ नका. खाऱ्या हवेने आतली सळई गंजली आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट सळईच्या रेषेत फुटतं. वरून सिमेंट थापलं तर गंज झाकून आत चालूच राहील. या महिन्यातच स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि तोवर त्या बीमखाली ऊठबस ठेवू नका.