उत्तर मॅसेडोनिया अजून बाहेरच का?

प्रश्न : आमची द्राक्षे युरोपात जातात, म्हणून तिकडच्या बातम्या वाचतो. उत्तर मॅसेडोनिया युरोपीय संघाच्या दाराशी इतकी वर्षे का ताटकळला आहे?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : अर्जदार देशाला ३५ प्रकरणांत विभागलेले संघाचे कायदे स्वीकारावे लागतात, आपल्या द्राक्षांना लागू होणारी कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाची मर्यादाही त्यांतच येते. मात्र खरी अडचण एकमताची आहे, कारण कोणताही एक सदस्य देश ही प्रक्रिया रोखू शकतो. २००५ मध्ये उमेदवार ठरलेल्या या देशाने ग्रीसच्या आक्षेपामुळे २०१९ मध्ये स्वतःचे नावसुद्धा बदलले, तरी पुढे बल्गेरियाने इतिहास व भाषेच्या वादावरून अडवणूक केली आणि आता बल्गेरियन समाजाचा राज्यघटनेत उल्लेख करण्याची अट पुढे आहे. हा त्या देशावर अन्याय आहे, असे आम्हांला वाटते.