पीव्हीए वापरून केलेल्या स्पिनेलमध्ये कोरंडम का येतो? ढेकळं कडक का होतात?

प्रश्न थोडक्यात असा: मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम नायट्रेटच्या द्रावणात, क्षार आणि पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) 4:1 धरून, बेळगावात जुलैमध्ये स्पिनेल (मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचं मिश्र ऑक्साइड) केला. 900 अंशांनंतर पावडर राखाडी, ढेकळं कडक. 1,300 अंशांना भाजल्यावर एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) कोरंडम, म्हणजे नुसत्या अॅल्युमिनाचे (अॅल्युमिनियम ऑक्साइडचे) स्फटिक, दिसला.

यात दोन वेगळ्या चुका दिसतात. ते 4:1 वजनाचं नसतं. धातूंचे चार धनभार आणि पीव्हीएचा एक ओएच गट, असं ते प्रमाण आहे. 10 ग्रॅम स्पिनेलसाठी अॅल्युमिनियम नायट्रेट (9 पाण्याचं) 52.7 ग्रॅम, मॅग्नेशियम नायट्रेट (6 पाण्याचं) 18.0 ग्रॅम. धनभार 0.562 मोल, म्हणून ओएच 0.14 मोल, 44 ने (एका ओएचमागे पीव्हीएचं मोलर वजन) गुणलं की पीव्हीए 6.2 ग्रॅम, म्हणजे 5 टक्के द्रावण 124 ग्रॅम. तुम्ही वजनाने धरलंत, तर पीव्हीए जवळजवळ 18 ग्रॅम गेलं! इतकं जळताना आत कार्बन अडकतो आणि उष्णतेने कण एकमेकांना चिकटतात. मातीत तूस थोडं असलं की जळून भोकं सोडतं, तेवढंच काम पीव्हीएकडून हवं. शिवाय पीव्हीएच्या लांब साखळ्या सुकताना आयनांना वेगवेगळं होऊ देत नाहीत.

कोरंडमचा संशय मात्र मॅग्नेशियम नायट्रेटवर. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की ते पाणी ओढतं. 18 ग्रॅम तोलूनही मॅग्नेशियम कमी भरतं आणि जास्तीचा अॅल्युमिना उरतो. लेबलावर विसंबू नका. दोन्ही नायट्रेटचे 2-2 ग्रॅम उंच मुशीत घेऊन अगदी सावकाश (वितळून उसळतात) 1,000 अंशांपर्यंत न्या, दोन तास ठेवा, उरलेलं ऑक्साइड तोला. हिशोब त्यावरूनच करा.

पीव्हीए थंड पाण्यात भुरभुरवून मग 85-90 अंशांना ढवळा. एकदम गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. क्षारांचं द्रावण वेगळं करून त्यात मिसळा. बीकर पाव भरलेलाच ठेवा, कारण आटताना फेस वर येतो. नायट्रेटमधून निघणारा तपकिरी वायू विषारी आहे, फ्यूमहूडशिवाय (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटाशिवाय) हे करूच नका. बंद ओव्हनमध्ये तर मुळीच नाही. कुरकुरीत फेस चुरून उथळ बशीत पातळ पसरा. 200 ते 400 अंशांत मिनिटाला 1 अंश, कारण नायट्रेट आणि पीव्हीए तिथेच पेटतात. पुढे 3 अंशांनी 900 पर्यंत, तिथे एक तास. भट्टीत हवा खेळती हवी. पावडर पांढरी आली आणि बोटांत सहज चुरली, तर झिर्कोनियाच्या गोळ्यांनी आयसोप्रोपॅनॉलमध्ये दळायला घ्या.