घोडा दहा वर्षांचा, पॉलिसी छत्तीस वर्षांची

पुण्याच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं: "साडेतीन वर्षांपूर्वी मुलीसाठी रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड घेतला. नाव बादशहा, वय १०. दीड वर्षापूर्वी डाव्या पुढच्या पायाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखावला. डॉक्टर म्हणतात, चालणं आणि थोडी दुडकी चालेल. दौड आणि उड्या कायमच्या बंद. मुलगी सप्टेंबरात शिकायला जर्मनीला चालली आहे. क्लबात ठेवायचे महिना ३५ हजार आता जड जातात. विकायचा नाही. मालकी आमच्याकडे ठेवून कुणाला तरी सांभाळायला द्यायचा आहे. तीन जण तयार आहेत: एक रायडिंग स्कूल, मुळशीचे एक फार्महाउसवाले आणि वरातीला घोडे पुरवणारे एक गृहस्थ. हे गृहस्थ उलट महिना १० हजार आम्हाला देतो म्हणतात. कुणाला द्यावा? करारात काय लिहावं? ता. क. बादशहाच्या पुढच्या खर्चाची सोय मात्र करून ठेवली आहे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरनी सुचवलेली पॉलिसी घेतली. १० वर्षं दरसाल ६ लाख भरायचे, मग २५ वर्षं दरसाल ५ लाख हमखास, करमुक्त, आणि शेवटी ६० लाख परत."

सप्रेम नमस्कार. प्रश्न बादशहाचा आहे, पण आधी ता. क. घेतो, कारण घोडा पुढच्या महिन्यातही तिथेच असेल. पॉलिसीच्या बाबतीत तुमच्या हातात नऊ दिवस आहेत.

सोबत पाठवलेल्या कागदांप्रमाणे पॉलिसी तुम्हाला ई-मेलने मिळून २१ दिवस झाले. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत कारण सांगून पॉलिसी परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाची किंमत कापून बाकीचे पैसे परत मिळतात. हे आजच करा. शाखेत जाऊन नव्हे. तिथे चहा मिळेल, "साहेब पुढच्या आठवड्यात येणार आहेत" असं ऐकायला मिळेल आणि नऊ दिवस सरतील. थेट विमा कंपनीला ई-मेल करा, पोच जपून ठेवा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आहे, त्यानंतर विमा लोकपाल.

का परत करायची? दहा वर्षांत हप्ते संपले, तरी कागदांप्रमाणे पहिलं उत्पन्न बारा वर्षं पूर्ण झाल्यावर येणार. तेव्हा बादशहा २२ वर्षांचा असेल. चांगली निगा राखलेला घोडा २५-३० वर्षं जगतो. शेवटचे ५ लाख येतील तेव्हा तो ४६ वर्षांचा असायला हवा. इंग्लंडमध्ये ओल्ड बिली नावाचा घोडा ६२ वर्षं जगून १८२२ मध्ये गेल्याचं सांगतात, पण त्याच्या भरवशावर कुणी पॉलिसी काढू नये. खर्च आहे तो आजपासून पुढची पंधरा वर्षं, आणि त्यातली पहिली बारा वर्षं ही पॉलिसी एक छदाम देत नाही, उलट दहा वर्षं दरसाल ६ लाख मागते. म्हणजे क्लब आणि डॉक्टर धरून वर्षाला ५ लाखांचा घोडा ११ लाखांचा झाला. याला तुम्ही सोय म्हणता!

परतावा मी काढून पाहिला: साधारण ५.३ टक्के. तुमचं गृहकर्ज ४६ लाखांचं, व्याज साडेआठ टक्के. साडेआठने उसने घेतलेले पैसे तसेच ठेवून तुम्ही ५.३ ने गुंतवायला निघालात. आणि करमुक्त? १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर गेला की फायद्यावर कर लागतो. तुमचा हप्ता ६ लाख. विकणाऱ्या व्यक्तीला हे ठाऊक नसेल तर तिने विकू नये, आणि ठाऊक असेल तर काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता तुम्ही न विचारलेली दुसरी गोष्ट. हाती पगार वर्षाला सुमारे २६ लाख. त्यातून कर्जाचे हप्ते ६, घोडा ५, पॉलिसी ६. उरले ९ लाख, म्हणजे घरखर्चाला महिना ७५ हजार, आणि त्यातच सप्टेंबरपासून मुलीचा जर्मनीचा खर्च. घरात कमावणारे तुम्ही एकटे. उद्या तुम्हाला काही झालं तर? कंपनीचा गट विमा ३० लाख, तोही नोकरी असेपर्यंत. जुनी एक ५ लाखांची पॉलिसी. सगळं मिळून गृहकर्जही फिटत नाही. घोड्याच्या म्हातारपणाची काळजी केलीत, बायकोच्या नाही. साठाव्या वर्षापर्यंतचा दीड कोटींचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. ४६व्या वर्षी, प्रकृती ठीक असेल तर, वर्षाला चाळीस-पन्नास हजारांत बसावा. परत आलेल्या ६ लाखांतून तो हप्ता भरा, ४ लाख बादशहासाठी फ्लेक्सी एफडीत (लागतील तेवढे काढता येतील अशा ठेवीत) वेगळे ठेवा, उरलेले कर्जात घाला.

आता बादशहा. माझ्या ओळखीच्या, घोड्यांचं काम करणाऱ्या एका पशुवैद्यांशी बोललो. त्यांचं पहिलं वाक्य असं: टेंडन भरतो, पण भरलेल्या जागी वण राहतो, आणि ती जागा पुन्हा दुखावायची शक्यता कायम असते. म्हणजे तुम्ही देताय तो आयुष्यभर जपून वापरायचा घोडा. अशा घोड्याला फुकट घर क्वचितच मिळतं. जो फुकट सांभाळतो म्हणतो, तो त्याची किंमत घोड्याकडून वसूल करतो.

म्हणून दहा हजार देणारे गृहस्थ आधी वगळा. डांबरी रस्ता, बँड, डीजे, चार-चार तास उभं राहणं. आणि लंगडणारा घोडा कामाला जुंपणं हा प्राण्यांशी क्रूरतेने वागण्याला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात गुन्हा आहे. तसं करू देणारा मालकही त्यात येतो. मालकी तुमच्याकडे, तर जबाबदारीही तुमच्याकडे. महिन्याच्या दहा हजारांसाठी हे घेऊ नका.

रायडिंग स्कूलला तीनच प्रश्न विचारा: दिवसाला किती धडे, किती वजनाचे स्वार, आणि लहान वर्तुळात फिरवणार का? नवशिक्यांना लाँजवर, म्हणजे लांब दोरीला धरून, गोल-गोल दुडकी शिकवतात; दुखऱ्या टेंडनला नेमकं तेच नको. शिवाय वेदनाशामक देऊन घोडा दोन महिने न लंगडता चालवता येतो, हेही लक्षात ठेवा. दिवसाला अर्धा तास, सरळ रेषेत, हलका स्वार, एवढ्यावर ते तयार असतील तर विचार करा. असतील असं वाटत नाही.

मुळशीच्या मंडळींची हौस खरी दिसते, पण नालबंद कुठून आणणार, घोड्याची निगा राखायला मोतद्दार ठेवणार का, याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. घोडा एकटा राहिला की कुढतो. पावसाळ्यात तिथला चिखल, उन्हाळ्यात दगडासारखी जमीन. त्यांच्याकडे आधीच एखादा घोडा असता तर मी याच घराला कौल दिला असता.

तेव्हा चौथं घर शोधा: ज्याच्याकडे एक घोडा आहे आणि त्याला सोबत हवी आहे. तो स्वारीसाठी घेणार नाही, म्हणून पाय वाचेल. मात्र त्याला महिना १५-१८ हजार तुम्ही द्यायचे, चंदी, चारा, मोतद्दाराचा वाटा आणि नालबंदीसाठी. डॉक्टरचा खर्च धरून वर्षाला पावणेतीन लाखांच्या आत बसेल. आजच्या ५ लाखांतले सव्वादोन वाचतात. शून्य होणार नाही, ती आशा सोडा. मुलगी चार वर्षांनी परत येऊन त्याच्यावर बसेल, असं पत्रात दोनदा लिहिलंय. ती आशाही हिशेबात धरू नका.

करार स्टँपपेपरवर करा. काय काम घ्यायचं ते शब्दांत लिहा: चाल, सरळ रेषेत थोडी दुडकी, बस. नालबंदी दर पाच-सहा आठवड्यांनी. किरकोळ औषधपाणी सांभाळणाऱ्याचं, पोटशूळ किंवा पायाचा मोठा खर्च तुमचा, ठरलेल्या रकमेपर्यंत. पुढे कुणाला देता येणार नाही, विकता येणार नाही. दोन्ही बाजूंना ६० दिवसांची नोटीस. न सांगता भेटायला यायचा हक्क तुमचा. स्टड बुकचा (थरोब्रेड घोड्यांच्या नोंदवहीचा) पासपोर्ट मूळ तुमच्याकडे, त्यांना प्रत. आणि यातून बरा होत नाही अशी वेळ आली तर निर्णय कोणत्या डॉक्टरच्या शब्दावर घ्यायचा, हे आत्ताच लिहा. मध्यरात्री फोनवर ते ठरत नाही.

दुखापत लपवू नका. अल्ट्रासाउंडचे फोटो द्या. आणि देताना सांभाळणाऱ्या माणसाला समोर उभं करून शिकवा: रोज सकाळी खरारा करण्याआधी दोन्ही पुढच्या पायांच्या नळीमागून वरून खाली हात फिरवायचा. डावा पाय उजव्यापेक्षा गरम किंवा जाड लागला, तर त्या दिवशी काम बंद आणि तुम्हाला फोन.

पहिला महिना चाचणीचा ठेवा. त्या महिन्यात क्लबातली जागा सोडू नका. दोन्हीकडे पैसे जातील, जाऊ द्या. जागा गेल्यावर घोडा परत आणायची वेळ आली, तर वरातवाले गृहस्थ दारात उभेच असतील. विमा कंपनीची पोच मिळाली की मला एक प्रत पाठवा.