जादूगारांचे प्रश्न: ओरडणारं पोरगं, लांबलेली भाषणं आणि अंगारा मागणारे

प्रश्न: शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाणं गायब करतो तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी हमखास ओरडतं, "दुसऱ्या हातात आहे!" मग सगळी शाळाच सुरू होते. काय करू?

उत्तर: पहिलं म्हणजे चिडू नका, पोरगं बरोबरच बोलतंय. दिसलेलं मोठ्यांनाही असतं, ते भिडेखातर गप्प बसतात इतकंच. घरी मोबाईल स्टँडला लावा आणि नाणं खरंखुरं डाव्या मुठीत द्या, काही लपवाछपवी नको, निवांत चार-पाच वेळा. मग नेहमीची हातचलाखी करा आणि दोन्ही व्हिडिओ पाठोपाठ बघा. खऱ्यात उजवा हात सैल होऊन खाली जातो, त्याच्याकडे कुणी बघतही नाही. खोट्यात अंगठा ताठ, कोपर बरगडीला चिकटलेलं, आणि रिकामी मूठ अशी आवळलेली की आत नाणं नाही, नारळ आहे. वर तुम्ही उजव्या हाताकडे चोरून बघता, आणि पोरं तर तुमच्या डोळ्यांकडेच बघत असतात! आरशात हे कळत नाही कारण बऱ्याच जणांची नेमक्या त्या क्षणी पापणी मिटते, मला स्वतःला हे व्हिडिओ बघूनच पटलं.

दुसरी भानगड घाईची. मूठ बंद झाली की लगेच उघडू नका, मध्ये वेळ घालवा, फुंकर मारायला कुणाला तरी वर बोलवा (त्या ओरडणाऱ्यालाच बोलवा, स्टेजवर आला की तो तुमच्या पार्टीचा होतो), तेवढ्यात मूठ कशी बंद झाली होती ते लोक विसरून जातात. आणि "बघा हं, या हातात काहीच नाही" असं आपण होऊन तर अजिबात म्हणू नका, तोवर अर्ध्या लोकांच्या डोक्यात दुसरा हात आलेलाही नसतो.

प्रश्न: गणपतीत मंडळवाले पाऊण तास म्हणतात, मग पाहुण्यांची भाषणं, सत्कार, आणि शेवटी "वीस मिनिटांत आटपा". प्रोग्रॅमची वाट लागते.

उत्तर: हे काही बदलणार नाही, भाषणं होणारच. शो बांधतानाच ठरवा की पहिला आणि शेवटचा आयटम फिक्स, मधलं सगळं काढता येण्यासारखं. बहुतेक जण उलटं करतात, सुरुवातीपासून क्रमाने चालू राहतात आणि शेवटचा मोठा प्रयोगच कापला जातो. अर्थात वेळ संपल्याचा फायदा कसा होतो ते बंगाली जादूगार पी. सी. सरकारांकडून शिकावं. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात त्यांनी एका मुलीला करवतीने मधोमध कापलं, ती उठेना, आणि निवेदकाने वेळ संपली म्हणून कार्यक्रम बंद केला. मुलगी मेली असं वाटून लोकांनी बीबीसीचे फोन जाम केले! मुलगी ठणठणीत होती, आणि लंडनमध्ये सरकारांच्या शोची तिकिटं खपली ती वेगळीच. हे ठरवून केलं असणार असं मला तरी वाटतं, पण आपल्या मंडळात करू नका, तिथे अध्यक्षच पोलिसांना फोन करतील.

हो, आणि स्टेज आधी जाऊन बघून या. मांडव तीन बाजूंनी उघडा असला तर बाजूला बसलेल्यांना सगळं दिसतं, मागे एलईडी वॉल असेल तर बारीक दोरा चमकतो, वारा असला तर रुमालाचे प्रयोग विसरा.

प्रश्न: शो झाला की गावात लोक येतात, हरवलेले दागिने शोधून द्या म्हणतात, कुणी अंगारा मागतं. नाही म्हटलं तर वाईट वाटतं, पैसेही देतात.

उत्तर: पैसे घेऊ नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. करमणूक म्हणून जादूचे प्रयोग करायला त्याची काही आडकाठी नाही, पण अंगात दैवी शक्ती आहे असं भासवून लोकांना फसवलंत तर अडचणीत याल. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते पाण्यावर दिवा पेटवणं, जिभेवर जळता कापूर ठेवणं हेच सगळं करतात आणि मागचं कारणही सांगतात. आपण कारण सांगत नाही, ठीक आहे, पण "ही हातचलाखी आहे बरं का" एवढं शोच्या सुरुवातीला हसत हसत बोलून टाका, मजा तसूभर कमी होत नाही. आणि दागिने गेलेत त्यांना सरळ पोलीस स्टेशनला जायला सांगा.

प्रश्न: बंदुकीची गोळी दातात पकडण्याचा प्रयोग बसवायचाय.

उत्तर: नको. चुंग लिंग सू नावाने चिनी बनून फिरणारा विल्यम रॉबिन्सन हा अमेरिकन जादूगार मार्च १९१८ मध्ये लंडनच्या स्टेजवर याच प्रयोगात गोळी लागून गेला, बंदुकीतला गुप्त भाग वापरून वापरून झिजला होता. त्याने हा प्रयोग कितीतरी वर्षं केलेला होता, नवखा नव्हता. फ्लॅश पेपरचंही (ठिणगी लागताच भपकन जळणारा कागद) तेच, खिशात गठ्ठा घेऊन फिरू नका, लागेल तेवढाच तुकडा घ्या आणि मांडवाच्या कापडापासून लांब रहा.

प्रश्न: बर्थडे पार्टीचे किती घ्यावेत?

उत्तर: तुमच्या शहरात काय चालतं ते तुम्हालाच माहीत. मात्र निम्मे अ‍ॅडव्हान्स, उरलेले केक कापायच्या आधी. केक कापल्यावर पाकीट सांभाळणारे काका सापडत नाहीत.