भरीत सेंटर चालवतो, १० किलो वांगी आणूनही भरीत कमी पडतं आणि वायाही जातं. काय करावं?

हिशोब कच्च्या वांग्यावर धरू नका. भाजताना पाणी उडतं, मग देठ, साल जातं. सोललेला गर काट्यावर ठेवाच. समजा ३० रुपये किलोची १० किलो वांगी घेतली आणि गर ६ किलो निघाला, तर गर ५० रुपये किलो पडला. ताटाचा भाव त्यावरून काढा. आपल्या जळगावची भरिताची वांगी कमी बियांची, त्यात गर चांगला निघतो. बियाळ माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

सगळ्या गराला एकदम फोडणी देऊ नका, गिऱ्हाईक येईल तसं परता. उष्ट्याची बादली वेगळी ठेवा, रात्री स्वतः बघा. त्यात भरीत दिसलं तर वाटी मोठी आहे. भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठही लागेल तेवढंच मळा.