डुगडुगणारे क्रॅम्पॉन

प्रश्न : जूनमध्ये मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर (५,२८९ मीटर) जायचं ठरलंय. हरिहर, धोडप, साल्हेर ज्या ट्रेकिंग बुटांवर केले, तेच बूट नेणार आहे. एका मित्राने त्याचे जुने क्रॅम्पॉन (बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे पोलादी काटे) दिलेत. पुढे तार आणि मागे टाचेला लिव्हर आहे. बुटावर चढतात, पण पुढून डुगडुगतात. तार नायलॉनच्या दोरीने आवळली तर चालेल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नाही चालणार. दोरी कपडे वाळत घालायला ठेवा.

बूट हातात घ्या आणि टाच-चवडा धरून वाकवून बघा. चपलेसारखा वाकला ना? हरिहरच्या पायऱ्यांवर तो तसाच वाकायला हवा, त्यात बुटाचा दोष नाही. पण तारेच्या क्रॅम्पॉनला न वाकणारा सोल लागतो, आणि सोलच्या कडेला पुढे व मागे दोन्हीकडे खोल खाच लागते. तार पुढच्या खाचेत बसते, लिव्हर मागच्या. तुमच्या बुटाला खाच नसणार, म्हणून तार नुसती रबरावर टेकते आणि पाऊल वाकलं की निसटते.

मागे खाच असलेल्या, जरा कडक बुटाला पुढे प्लॅस्टिकची पट्टी आणि मागे लिव्हर असलेला प्रकार चालतो. खाचच नसेल तर दोन्हीकडे प्लॅस्टिकची पट्टी असलेला, पट्ट्याने बांधायचा. तरी तुमच्यासारखा मऊ बूट बर्फाच्या उतारावर मी नेणार नाही. मनालीत कडक बूट भाड्याने मिळतात. मात्र क्रॅम्पॉन बरोबर घेऊन दुकानात जा आणि जोडी तिथेच जुळवा.

जुळवायची कशी? क्रॅम्पॉनच्या पुढचा-मागचा भाग जोडणाऱ्या मधल्या पट्टीला भोकं असतात, त्यांवरून लांबी ठरते. डावा-उजवा ओळखा. बूट दाबून बसवा, लिव्हर लावा, पण घोट्याभोवतीचा पट्टा बांधू नका. आता बूट उचलून जोरात हलवा. क्रॅम्पॉन लटकून राहिला तर लांबी बरोबर. पट्टा हा फक्त राखणदार. पकड त्याच्या भरवशावर ठेवली तर फसाल. पुढचे काटे बुटाबाहेर साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर यायला हवेत.

बकल नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला, आणि पट्ट्याचं उरलेलं टोक खोचून टाकायचं. पहिल्या मोहिमेत मी ते लोंबत ठेवलं. उतरताना उजव्या पायाचे काटे त्यात अडकले आणि मी तोंडावर आपटलो. वर बर्फ मऊ होता म्हणून निभावलं. त्या पॅन्टची डावी पोटरी बायकोने शिवून दिली, आणि शिवताना जे बोलली ते इथे छापता येणार नाही.

सराव घरीच करा, जाड हातमोजे घालून. वर थंडीत बोटं बधिर होतात तेव्हा बकल सापडत नाही. चालायचा सराव मात्र आपल्या काळ्या कातळावर नको, काटे बोथट होतील. ओळखीच्या कुणाच्या मळ्यात नांगरलेल्या जमिनीत चाला, काटे एकमेकांत अडकू नयेत म्हणून पाय जरा फाकवून. पाणी दिलेल्या काळ्या मातीत तळव्याला ढेकूळ चिकटतं ना, दुपारचा ओला बर्फ काट्यांत अगदी तसाच भरतो आणि मग पाय घसरतो. म्हणून खाली रबर किंवा प्लॅस्टिकची पट्टी लावलेले क्रॅम्पॉन घ्या. तरीही भरलाच तर आइस अ‍ॅक्सच्या (बर्फात वापरायच्या कुदळीच्या) दांड्याने बुटाच्या कडेला ठोकून झाडा.

जुन्या काट्यांना धार लावायची असेल तर ग्राइंडरवर नको. तापलं की पोलादाचं पाणी उतरतं. साधी कानस घ्या आणि हाताने, काट्याच्या कडेकडेने घासा.