'पुनर्रंजन' म्हणजे काय, आणि हा शब्द आला कुठून?

जुन्या दाराला किंवा भिंतीला परत रंग देण्याला 'पुनर्रंजन' म्हणता येईल का आणि या शब्दाचं मूळ काय, असं तुम्ही विचारलंय. शब्द होतो. पुनर् आणि रंजन. रंजन संस्कृत 'रञ्ज्' धातूवरून आलं, त्याचा मूळ अर्थ रंगणं, तांबडं होणं. त्याच घरातले रंग, रक्त (रंगलेलं ते), आरक्त, अनुरक्त. 'राग'ही तिथलाच. संस्कृतात राग म्हणजे रंग, मग प्रेम, आसक्ती. मराठीत येईपर्यंत तो संतापला! आणि विरक्त म्हणजे रंग उतरलेला. हे कळल्यापासून तो शब्द मला फारच आवडायला लागलाय.

संधीची एक भानगड आहे. संस्कृतात र् पुढे र आला की पहिला गळतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. निर् आणि रस मिळून नीरस होतं ते असं. त्या हिशेबाने 'पुनारंजन' व्हायला हवं. पण मराठीने 'पुनर्रचना' केव्हाच पचवलीय, तेव्हा पुनर्रंजनालाही कुणी अडवणार नाही.

अडचण वेगळीच आहे. रंजन म्हटलं की मराठी माणसाला मनोरंजन आठवतं. 'दाराचं पुनर्रंजन' वाचून दारापुढे परत लावणीचा फड लागला की काय, असं वाटायचं.

गेल्या दिवाळीआधी आमच्या लोखंडी फाटकाचे पोपडे सुटले होते. रंगकाम करणारे काका आले, नखाने एक पोपडा उचलून बघितला. वर हिरवा, त्याखाली करडा, तळाला रेड ऑक्साइडचा तांबडा. म्हणाले, "यावरच हात मारला तर पावसाळ्यात परत सुटेल. आधी खरवडू, मग अस्तर, मग रंगाचे दोन हात." एवढ्या कामाला त्यांना 'हात' हा एकच शब्द पुरला.

म्हणून मी तरी घराला रंगरंगोटी म्हणेन, फाटक-खुर्चीला रंगाचा हात देणं आणि विटलेल्या साडीला सरळ पुन्हा रंगवणं. जुन्या भित्तिचित्रावर नव्याने रंग चढवल्याबद्दल लेख लिहीत असाल तर पुनर्रंजन शोभेल. फक्त पहिल्या वेळी 'रंगांचं पुनर्रंजन' असं लिहा, म्हणजे लावणी आठवणार नाही.